दमनकाची कानगोष्ट

ओझर हे गाव नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले आहे. जवळून बाणगंगा नदी वाहते. विमानांच्या कारखान्यामुळे ओझरचे नाव देशभर माहीत झाले आहे. पण कारखान्याचे कुंपण ओलांडले, की द्राक्षांचे मळे आणि उसाची शेते दिसू लागतात. या भागातल्या मुलांना कोल्हा केवळ चित्रात पाहावा लागत नाही. दिवस मावळला, की उसाच्या शेतातून कोल्हेकुई ऐकू येते. हा कोल्हा उंदीर पकडतो, पडलेली फळे खातो आणि माणसाची चाहूल लागताच पळून जातो. तो कुणाला फसवत नाही. कुणाची चुगलीही करत नाही.

पण आणखी एक कोल्हा आहे. तो पुस्तकात राहतो. त्याचे वय चौदाशे वर्षांहून अधिक आहे. मराठी पुस्तकात त्याचे नाव आहे ‘दमनक’ आणि उर्दू पुस्तकात ‘दिमना’. त्याच्या सोबत्याला मराठीत ‘करटक’ म्हणतात, तर उर्दूत ‘कलीला’. ही नावे एकापाठोपाठ एक मोठ्याने म्हणून पाहा. दमनक, दिमना. करटक, कलीला. हे चार कोल्हे नाहीत, दोनच आहेत. ते भारतातून इराणात गेले, तेथून अरबस्तानाच्या भाषेत गेले आणि पुन्हा भारतात आले. प्रवासात त्यांची नावे थोडी बदलली, स्वभाव मात्र बदलला नाही.

या दोन कोल्ह्यांची गोष्ट ‘पंचतंत्र’ या संस्कृत ग्रंथात आहे. पंच म्हणजे पाच आणि तंत्र म्हणजे येथे ग्रंथाचा भाग. ग्रंथाच्या आरंभी असे सांगितले आहे, की दक्षिणेत महिलारोप्य नावाचे एक नगर होते. तेथे अमरशक्ती नावाचा राजा राज्य करीत होता. त्याला तीन मुलगे होते आणि तिघांनाही शिक्षणाची आवड नव्हती. आपल्यामागे राज्य कोण सांभाळील, अशी चिंता राजाला लागली. तेव्हा विष्णुशर्मा नावाचा वृद्ध पंडित पुढे आला. त्याने सांगितले, ‘सहा महिन्यांत मी राजपुत्रांना नीतिशास्त्र शिकवतो.’ मुलांना त्याने जाड जाड ग्रंथ पाठ करायला लावले नाहीत. त्याने त्यांना प्राण्यांच्या गोष्टी सांगितल्या.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आज आपण या कथा लहान मुलांच्या करमणुकीसाठी वाचतो. पण मूळ ग्रंथ उद्याच्या राजांसाठी सांगितलेला आहे. मित्र कोण, शत्रू कोण, कोणाचा सल्ला ऐकावा, कोणाच्या गोड बोलण्याला भुलू नये, हे त्यातले विषय. म्हणजे सिंह, बैल, कोल्हे, कावळे आणि घुबडे यांच्या आडून हा ग्रंथ राजकारण शिकवतो. गोष्ट एकाची सांगायची आणि अर्थ दुसऱ्याचा सुचवायचा, अशा कथेला मराठीत ‘रूपककथा’ म्हणतात. उर्दूत त्यासाठी ‘तमसील’ हा शब्द आहे. आणि बोलणाऱ्याने साधेपणाने बोलावे, पण ऐकणाऱ्याला त्यातला टोला नेमका कळावा, याला ‘उपरोध’ म्हणतात. उर्दूत तुम्ही त्याला ‘तंज’ म्हणता. पंचतंत्रात रूपक आहे आणि उपरोधही आहे.

आता ती गोष्ट पाहू.

वर्धमानक नावाचा एक व्यापारी बैलगाडीत माल भरून मथुरेकडे निघाला होता. यमुनेच्या काठी त्याचा संजीवक नावाचा बैल चिखलात रुतला आणि त्याचा पाय मोडला. व्यापाऱ्याने काही दिवस वाट पाहिली. शेवटी बैलाला तेथेच सोडून तो पुढे गेला. पण संजीवक मेला नाही. नदीकाठचे कोवळे गवत खाऊन तो बरा झाला, धष्टपुष्ट झाला आणि आनंदाने डुरकाळ्या फोडू लागला.

त्या वनात पिंगलक नावाचा सिंह राजा होता. एके दिवशी तो पाणी पिण्यासाठी यमुनेवर निघाला. वाटेत त्याला ती डुरकाळी ऐकू आली. असा आवाज त्याने आधी कधी ऐकला नव्हता. सिंह घाबरला. पाणी न पिताच तो परत फिरला आणि एका वडाखाली जाऊन बसला. मोठा विचार करीत असल्याचा आव त्याने आणला.

ही फजिती दोन कोल्ह्यांनी पाहिली. ते होते करटक आणि दमनक. ते मंत्र्याचे मुलगे होते, पण दरबारातली त्यांची जागा गेली होती. दमनक म्हणाला, ‘राजा भ्यालेला आहे. पुन्हा जवळ जाण्याची हीच वेळ आहे.’ करटकाने त्याला अडवले. अर्धवट कापलेल्या लाकडातली पाचर उपटायला गेलेल्या माकडाची गोष्ट त्याने सांगितली. त्या माकडाने विनाकारण नसता उद्योग केला आणि जीव गमावला. पण दमनकाने ऐकले नाही. तो राजाकडे गेला. त्याने राजाला रणांगणात पडलेल्या नगाऱ्याची गोष्ट सांगितली. वाऱ्याने फांदी हलून नगाऱ्यावर आपटे आणि मोठा आवाज होई. भुकेला कोल्हा आधी भ्याला. मग धीर करून जवळ गेला. नगारा फोडून पाहिला, तर आत फक्त लाकूड आणि कातडे! ‘तेव्हा महाराज, नुसत्या आवाजाला भिऊ नये,’ असे सांगून दमनक बैलाला शोधायला गेला.

त्याने संजीवकाला दरबारात आणले. सिंहाची आणि बैलाची ओळख झाली. संजीवक समंजस आणि जाणता होता. दोघांची मैत्री जमली. सिंह त्याच्याशी तासन् तास बोलत बसू लागला. शिकारीकडे त्याचे लक्ष राहिले नाही. सिंहाच्या उष्ट्यावर जगणारे कोल्हे उपाशी राहू लागले. आपणच जोडलेली मैत्री आता दमनकाला खुपू लागली. ती तोडायचे त्याने ठरवले.

तो एकांतात सिंहाकडे गेला. ‘महाराज, बैलाला तुमचे राज्य हवे आहे,’ असे त्याने सांगितले. सिंहाला ते पटेना. तेव्हा दमनकाने एका उवेची गोष्ट सांगितली. तिने राजाच्या बिछान्यात एका उपऱ्याला जागा दिली. त्या उपऱ्याच्या उतावीळपणामुळे शेवटी तिचाच प्राण गेला. तात्पर्य काय, तर परक्याला थारा देऊ नये. मग दमनक बैलाकडे गेला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘राजा तुला मारून खाणार आहे.’ बैलही घाबरला. दमनकाने दोघांनाही खुणा सांगून ठेवल्या. ‘बैल शिंगे रोखून आला, तर समजा,’ असे सिंहाला सांगितले. ‘सिंहाचे डोळे लाल दिसले आणि कान टवकारलेले दिसले, तर समज,’ असे बैलाला सांगितले.

दुसऱ्या भेटीत दोघेही सावध होते. बैल भीतीने शिंगे सावरून उभा राहिला. सिंहाने ते पाहिले आणि त्याचे डोळे लाल झाले. बैलाने ते डोळे पाहिले. प्रत्येकाला सांगितलेली खूण पटली. लढाई झाली. संजीवक मेला. रक्ताने माखलेला पंजा पाहून सिंह रडू लागला. दमनकाने त्याची समजूत घातली आणि स्वतः मंत्री होऊन बसला.

मित्रांनो, आता या गोष्टीकडे पुन्हा पाहू या. सिंह कधी नगाऱ्याची गोष्ट ऐकतो का? कोल्हा कधी मंत्री होतो का? ही गोष्ट वनाची नाही, दरबाराची आहे, हे उघड आहे. सिंह म्हणजे सत्ता. उपरोध पाहा, वनाचा राजा एका गवत खाणाऱ्या प्राण्याच्या आवाजाला घाबरतो आणि ती भीती लपवण्यासाठी गंभीर चेहरा करून बसतो. बळ पुष्कळ आहे, पण स्वतः जाऊन पाहण्याची सवय नाही. त्यामुळे तो दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहतो आणि दुसऱ्याच्या कानांनी ऐकतो. संजीवक हा बाहेरून आलेला, गुणी, पण दरबाराचे डावपेच न जाणणारा माणूस आहे. दमनक कोण, हे सांगायलाच नको. आणि करटक? तो सज्जन आहे. चूक काय आणि बरोबर काय, हे त्याला कळते. तो मित्राला रागावतोही. पण तो सिंहाकडे जाऊन खरे सांगत नाही, बैलालाही सावध करत नाही. प्रत्येक दरबारात करटक असतात आणि त्यांच्या गप्प राहण्यामुळे दमनकांचे काम सोपे होते.

दमनकाची युक्ती नीट समजून घेतली पाहिजे. पहिली पायरी म्हणजे दोघांना वेगवेगळे गाठणे. दोघे समोरासमोर बसले असते आणि ‘दमनक असे असे म्हणाला’ एवढेच बोलले असते, तर सगळा डाव त्याच क्षणी उलटला असता. दुसरी पायरी म्हणजे भीती घालणे. तिसरी पायरी सर्वांत हुशारीची आहे. त्याने दोघांना खूण दिली. भ्यालेला प्राणी अंग सावरतो, शिंगे पुढे करतो. म्हणजे खोट्या बातमीनेच खूण निर्माण केली आणि त्या खुणेने खोटी बातमी खरी ठरवली. अफवा अशीच काम करते.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. या कथेत सर्वांत जास्त नीतिकथा कोण सांगतो? दमनकच! नगाऱ्याची गोष्ट त्याची, उवेची गोष्टही त्याची. प्रत्येक गोष्टीला तात्पर्य आहे आणि ते ऐकायला शहाणपणाचे वाटते. ‘नुसत्या आवाजाला भिऊ नये,’ हे त्याने बैलाला आणण्यासाठी सांगितले. ‘परक्याला थारा देऊ नये,’ हे त्याने बैलाला घालवण्यासाठी सांगितले. गरजेप्रमाणे गोष्ट बदलली आणि तात्पर्यही बदलले. पंचतंत्र येथे राजपुत्रांना मोठा धडा देते. गोष्टीचे तात्पर्य पाहण्याआधी ती गोष्ट कोण सांगत आहे आणि त्यात त्याचा काय लाभ आहे, ते पाहावे.

मग हे सारे सरळ का सांगितले नाही? प्राण्यांची गरज काय होती? पहिले कारण म्हणजे भीती. ज्याच्या हाती तलवार आहे, त्याला ‘तू भित्रा आहेस, तू हलक्या कानाचा आहेस’ असे तोंडावर कोण सांगणार? सिंहाचे नाव घेतले, की सांगणाराही वाचतो आणि ऐकणाऱ्याचाही अपमान होत नाही. दुसरे कारण म्हणजे अंतर. स्वतःची चूक माणसाला दिसत नाही, पण तीच चूक सिंहाने केली, की चटकन दिसते. तिसरे कारण म्हणजे आठवण. उपदेश विसरला जातो, पण बैलाच्या डुरकाळीला घाबरलेला सिंह कुणी विसरत नाही.

या गोष्टीचा पुढचा प्रवास तुमच्या अधिक ओळखीचा आहे. सहाव्या शतकात इराणात खुसरो नौशेरवान हा बादशहा राज्य करीत होता. त्याची कारकीर्द ५३१ ते ५७९ ही होय. त्याच्या दरबारातील बरजुया या हकिमाने या भारतीय कथा पहलवी भाषेत नेल्या. पहलवी ही इराणची जुनी भाषा. ते भाषांतर आज उपलब्ध नाही. पण त्यावरून आठव्या शतकाच्या मध्यास अब्दुल्ला इब्न अल् मुकफ्फा या लेखकाने अरबी भाषांतर केले. त्याचेच नाव ‘कलीला व दिमना’.

इब्न अल् मुकफ्फा हा जन्माने इराणी. तो बसरा शहरात राहत असे. अरबी गद्याच्या पहिल्या मोठ्या लेखकांत त्याची गणना होते. वाचकांनी केवळ प्राण्यांच्या करामतींत रमू नये, असे त्याने प्रस्तावनेत बजावले आहे. त्याचा दृष्टान्त असा, की कुणी अख्खे अक्रोड दिले, तर कवच फोडल्याखेरीज त्यांचा उपयोग होत नाही. गोष्टीचेही तसेच आहे.

त्याच्या पुस्तकात एक नवे प्रकरण आहे. मूळ पंचतंत्रात दमनक जिंकतो आणि मंत्री होतो. वाचकाच्या मनाला ते टोचते. अरबी पुस्तकात मात्र गोष्ट तेथे थांबत नाही. सिंहाला पश्चात्ताप होतो. त्याची आई त्याला सत्य शोधायला सांगते. दिमनावर खटला भरला जातो. तो हुशारीने स्वतःचा बचाव करतो. पण अखेर साक्षीदार पुढे येतात. त्यांनी कलीला आणि दिमना यांचे बोलणे ऐकलेले असते. गुन्हा सिद्ध होतो आणि दिमनाला मृत्यूची शिक्षा मिळते. हे प्रकरण इब्न अल् मुकफ्फाने स्वतः रचून घातले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. येथेही रूपक आहे. राजाने रागाच्या भरात शिक्षा देऊ नये. चौकशी व्हावी, आरोपीला बोलू द्यावे, पुरावा पाहावा, हे ते प्रकरण सांगते.

दुर्दैव असे, की खुद्द लेखकाला असा न्याय मिळाला नाही. खलिफा मन्सूरच्या काळात, वयाच्या चाळिशीच्या आतच, बसऱ्यात त्याला क्रूरपणे ठार मारण्यात आले. त्यामागे दरबारातले राजकारण होते. खलिफाच्या बंडखोर काकाला अभय देणारा जो मसुदा त्याने लिहिला, त्यातील कडक शब्द खलिफाला रुचले नाहीत, असे सांगतात. प्राण्यांच्या आडून त्याने जे सांगितले, ते टिकले. माणसांविषयी जे सरळ लिहिले, ते त्याच्या जिवावर बेतले. लेखकांना सिंह आणि कोल्ह्यांची गरज का पडते, हे यावरून कळेल.

पुढे ही गोष्ट फार्सीत आली. सुमारे १५०० साली हेरात येथे हुसेन वाइज काशिफी याने ‘अनवारे सुहेली’ लिहिले. त्याची भाषा फार अलंकारिक होती. म्हणून अकबर बादशहाने अबुल फजलला ती कथा सोप्या भाषेत लिहायला सांगितली. १५८८ मध्ये ‘इयारे दानिश’ हा ग्रंथ तयार झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हाफिजुद्दीन अहमद यांनी ‘इयारे दानिश’चे उर्दू रूपांतर केले. त्याचे नाव ‘खिरद अफरोज’, म्हणजे बुद्धीला उजळणारे.

आता मराठीकडे पाहा. जवळजवळ याच वर्षांत मराठीतही प्राणिकथा छापल्या जात होत्या. १८०६ मध्ये तंजावर येथे सरफोजीराजे भोसले यांच्या छापखान्यात ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापच्या कथांचे मराठी पुस्तक छापले गेले. तंजावर तमिळ प्रदेशात आहे, पण तेथील राजघराणे मराठी होते. १८१५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे ‘हितोपदेश’ मराठीत निघाला. हितोपदेश हा पंचतंत्राचाच धाकटा भाऊ. आणि १८२२ मध्ये मुंबईत ‘पंचोपाख्यान’ छापले गेले. पंचतंत्राचे हे मराठी रूप मुंबईत छापलेल्या अगदी सुरुवातीच्या मराठी पुस्तकांपैकी एक आहे. म्हणजे उर्दू वाचक आणि मराठी वाचक एकाच झाडाच्या दोन फांद्यांवर बसून एकच फळ चाखत होते. एकाला ते फळ इराण, बसरा आणि हेरात या वाटेने मिळाले. दुसऱ्याला ते संस्कृतातून मिळाले.

पंचतंत्रात अशा राजकीय कथा पुष्कळ आहेत. एक कोल्हा कुत्र्यांच्या भीतीने पळताना निळीच्या पिंपात पडतो आणि निळा होतो. वनातले प्राणी त्याला वेगळाच कुणी समजून राजा करतात. राजा झाल्यावर तो सर्वांत आधी काय करतो? आपल्याच भाऊबंदांना, म्हणजे कोल्ह्यांना, दूर हाकलतो. पण एका रात्री दूरवर कोल्हेकुई ऐकू येते आणि निळ्या राजाला राहवत नाही. तोही गळा काढून ओरडतो. क्षणात बिंग फुटते. रंगावर मिळालेली सत्ता किती दिवस टिकणार, हा यातला उपरोध आहे.

दुसरी कथा गंगदत्त नावाच्या बेडकांच्या राजाची. नातेवाईक त्याला त्रास देतात. सूड घ्यावा म्हणून तो रहाटाच्या घागरीत बसून विहिरीबाहेर येतो आणि एका सापाला घरी बोलावतो. साप आधी गंगदत्ताच्या शत्रूंना खातो. शत्रू संपल्यावर त्याच्या मित्रांना खातो. शेवटी त्याच्या मुलालाही खातो. गंगदत्त युक्तीने कसाबसा निसटतो, पण त्याचे राज्य आणि कुळ दोन्ही नाहीसे होते. घरातले भांडण मिटवायला बाहेरच्या बलवानाला बोलावणाऱ्या राजांची उदाहरणे इतिहासात थोडी नाहीत. विष्णुशर्म्याने कुणाचेही नाव घेतले नाही. त्याने फक्त एक विहीर दाखवली.

युरोपातही ही परंपरा पोहोचली. फ्रेंच कवी ला फोंतेन याने सतराव्या शतकात पद्यात प्राणिकथा लिहिल्या. त्यांपैकी बऱ्याच कथांसाठी आपण ‘पिल्पे’ नावाच्या भारतीय ज्ञान्याचे ऋणी आहोत, असे त्याने १६७८ मध्ये नमूद केले. विसाव्या शतकातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जॉर्ज ऑर्वेल यांची ‘अॅनिमल फार्म’ ही इंग्रजी कादंबरी. ऑर्वेल यांचा जन्म १९०३ मध्ये बिहारमधील मोतीहारी येथे झाला. ही कादंबरी १७ ऑगस्ट १९४५ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्यात एका शेतावरची जनावरे जुलमी मालकाला हाकलून देतात. ‘आता सर्व समान’ असे ठरते. पण डुकरे हळूहळू सत्ता बळकावतात, नियम बदलत जातात आणि शेवटी नवे मालक जुन्या मालकांसारखेच दिसू लागतात. १९१७ ची रशियन क्रांती आणि स्टालिनची राजवट यांवर ही टीका होती. महायुद्धात रशिया हा ब्रिटनचा मित्र होता. त्यामुळे अनेक प्रकाशकांनी हे पुस्तक आधी नाकारले.

या कादंबरीत बॉक्सर नावाचा एक घोडा आहे. तो राब राब राबतो आणि पुढाऱ्यांवर पूर्ण विश्वास ठेवतो. म्हातारपणी तेच पुढारी त्याला कसायाला विकतात. बॉक्सर वाचताना आपल्याला संजीवक आठवतो. पण दोन ग्रंथांत एक मोठा फरक आहे. विष्णुशर्मा राज्य करणाऱ्याला शहाणे करू पाहतो. ऑर्वेल ज्यांच्यावर राज्य केले जाते, त्यांना शहाणे करू पाहतात.

मग आजच्या आपल्या देशात या गोष्टी कुणासाठी आहेत? येथे राजा कोण आणि प्रजा कोण? भारतात १९५० पासून प्रजासत्ताक आहे. १९८९ पासून वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला मताचा अधिकार आहे. म्हणजे आपल्याकडे सिंहासन एकाचे नाही, सर्वांचे आहे. म्हणूनच दमनकाला आता एका सिंहाच्या कानाशी लागून भागत नाही. तो आपल्या सर्वांच्या कानाशी लागतो. कधी तो चावडीवर बोलतो, कधी बाजारात, तर कधी मोबाइलवरच्या निनावी संदेशातून. ‘तुझ्या शेजाऱ्याच्या मनात वाईट आहे,’ असे तो एका घरी सांगतो. तेच तो दुसऱ्या घरीही सांगतो. दोन्ही घरांना तो खुणाही देऊन ठेवतो. अशा वेळी काय करावे? जे सिंहाने आणि बैलाने केले नाही, ते करावे. समोर जाऊन विचारावे.

पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रात याचा चांगला धडा आहे. पारध्याच्या जाळ्यात कबुतरे अडकतात. प्रत्येक जण आपापल्या बाजूला ओढत राहिला असता, तर सगळीच मेली असती. त्यांचा राजा चित्रग्रीव त्यांना एकदम उडायला सांगतो. ती जाळे घेऊनच उडतात. पुढे हिरण्यक नावाचा उंदीर ते जाळे कुरतडतो. उंदीर आधी राजाचे पाश तोडायला येतो, पण चित्रग्रीव म्हणतो, ‘आधी माझ्या सोबत्यांचे पाश तोड.’ राजा कसा असावा, हे एका वाक्यात सांगून झाले.

अशी एकजूट केवळ गोष्टीतच असते, असे समजू नका. ओझरच्या शिवाराला दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याचे पाणी मिळायचे होते. पण कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतांपर्यंत पाणी नीट पोहोचत नसे. जेथे पाणी कमी, तेथे संशय जास्त. वरच्याने पाणी चोरले, असे खालच्याला वाटते. १९९० च्या सुमारास ओझर येथील शेतकऱ्यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या मदतीने पाणी वापर संस्था स्थापन केल्या. पाणी मोजून घ्यायचे, नियमाने वाटायचे आणि पट्टी आपणच गोळा करायची, असे त्यांनी ठरवले. पुढे संपूर्ण वाघाड प्रकल्पाचे पाणीवाटप शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले आणि हा प्रयोग पाहायला दूरदूरचे लोक येऊ लागले. हिशेब सर्वांसमोर मांडला, की कानगोष्टीला जागा उरत नाही. दमनकाला अंधार लागतो आणि उजेडात त्याचे चालत नाही.

यापुढे प्राण्यांची गोष्ट वाचाल, तेव्हा स्वतःला काही प्रश्न विचारा. गोष्ट कोण सांगत आहे? कुणाला सांगत आहे? ज्याचा जीव जातो, त्याला बोलण्याची संधी मिळाली होती का? आणि कोण गप्प बसले होते? मात्र एक काळजी घ्या. प्रत्येक सिंहाला एका विशिष्ट पुढाऱ्याचे नाव चिकटवण्याची घाई करू नका. कालचा सिंह गेला आणि उद्याचा येईल. एकाच नावाला बांधली, तर गोष्ट त्या नावाबरोबर जुनी होईल. दमनकाला आपण चौदाशे वर्षांनंतरही ओळखतो, ते त्याला एकच नाव नाही म्हणून. आणि दुसऱ्यात दमनक शोधताना थोडे स्वतःकडेही पाहा. कुणाचे खोटे कानावर आले असताना आपण करटकासारखे गप्प तर बसलो नाही ना?

उसातला कोल्हा बिचारा निरपराध आहे. त्याच्या नावावर माणसांनी आपले दोष लिहून ठेवले आहेत. ते वाचता येणे, हाच या कथांचा खरा अभ्यास होय.

स्वाध्याय

१. ‘दमनक’ आणि ‘करटक’ यांची उर्दूत कोणती नावे आहेत?
२. सिंह आणि बैल यांची मैत्री तोडण्यासाठी दमनकाने कोणत्या तीन गोष्टी केल्या?
३. पंचतंत्राचा शेवट आणि ‘कलीला व दिमना’मधील शेवट यांत कोणता फरक आहे? तुम्हांला कोणता शेवट आवडला? का?
४. करटक दोषी आहे, असे तुम्हांला वाटते का? पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. कानगोष्ट, कोल्हेकुई, हलक्या कानाचा, बिंग फुटणे यांचा वाक्यांत उपयोग करा.
६. तुमच्या घरी उर्दूत ऐकलेली प्राण्यांची एखादी हिकायत मराठीत लिहा आणि ती गोष्ट कोणी, कोणाला आणि कशासाठी सांगितली असेल, ते सांगा.